मोजलंस की आठवलंस?

"मोजलंस की आठवलंस?"

टेप गळ्यातच ठेवून मी वहीत जुनी मापं उतरवायला लागलो, की माझं जुनं गिऱ्हाईक अण्णा माझ्या पेनवर हात ठेवून हेच विचारायचे. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात माझं शिलाईचं दुकान आहे. तीन पिढ्या आम्ही मापं घेतोय, गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला त्याची छाती कळते. त्यामुळे हा प्रश्न मला भारी झोंबायचा.

"अण्णा, चाळीस. गेल्या वर्षी चाळीस, त्याच्या आधीही चाळीस."

"ते आठवलंस. आता मोज, नोडोण, बघू या."

मोजायचो. चाळीसच भरायचे. "बघा, सुम्मने, उगाच वेळ घालवला," असं मी कुरकुरलो की ते गालात हसायचे. "सरि. आता लिही."

अण्णा आमच्यातलेच, म्हैसूरचे मराठी. पण नोकरीचं सगळं आयुष्य परराज्यातल्या एका जुन्या अणुवीज केंद्रात गेलं. काम नळांची जाडी तपासायचं. गरम पाण्याच्या जोराने नळ आतून झिजतात आणि वरून काही कळत नाही, म्हणून यंत्र टेकवून मोजत राहायचं. अंगाला किती किरण लागले ते सांगणारा एक बिल्ला तिथे छातीवर लावावा लागे. निवृत्तीनंतरही त्यांना डाव्या खिशावर बिल्ल्यासाठी जाड पट्टी शिवून हवी असायची. केळी आणायला जाताना बिल्ला कशाला, म्हणून मी चिडवायचो. पण पायरी उतरताना त्यांचा हात खिशाकडे जायचाच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, नोकरी सुटते पण हात सुटत नाही.

तिथे धोका असतो का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मोजलं तर नाही." आणि विषय बदलायचे.

मग त्यांची एकुलती एक लेक त्याच केंद्रात लागली. अण्णा मैसूरपाक घेऊन आले, पण चेहरा उतरलेला. मला वाटलं, लेक लांब गेली म्हणून.

केंद्राचं ठरलेलं वय संपलं होतं, ते वाढवून दिल्याची बातमी आली, त्या दुपारी ते शर्टाचं कापड घेऊन आले आणि स्टुलावर बसूनच राहिले.

"एका वर्षी आत गेलो होतो," ते म्हणाले. "किरणांमुळे आत थांबायची मिनिटं ठरलेली असतात. माझी संपली आणि नळाचं एक वाकण मोजायचं राहिलं. माझ्यानंतर ज्याची पाळी, तो परवाच बाप झालेला. त्याला कशाला आत ढकलायचं? आदल्या वेळचाच आकडा, झीज धरून थोडा कमी करून, लिहिला मी. आकडा चांगला दिसला, म्हणून पुढे त्या वाकणाकडे कुणी गेलंच नाही."

मी कात्री खाली ठेवली. "मग कळवा ना त्यांना."

"कळवलं. सही करून." त्यांनी खिशातून उत्तर काढलं. सदर जागेची नोंद तपासली असून ती समाधानकारक आहे, एवढंच होतं त्यात. "अरे, ती नोंद माझीच ना."

"लेकीला सांगा. ती तिथेच आहे."

"तिने त्या रजिस्टराचा फोटो पाठवला मला. बाबा, तुमचं अक्षर, म्हणून. किती खूश होती. तिला काय सांगू?"

मला राग आला. "अण्णा, लेक मोठी की अब्रू?"

त्यांनी माझी वही ओढली आणि स्वतःच्या मापांच्या पानावर मला वाकणाचा क्रमांक लिहायला लावला. "असू दे तुझ्याकडे," म्हणाले. डोकं एवढं भणभणत होतं, की वर छातीचं माप मी न मोजताच चाळीस टाकलं. आणि त्या दिवशी अण्णांनी विचारलं नाही.

शर्ट घालून बघायला आले तेव्हा खांदे दंडावर उतरले होते. टेप लावला. छत्तीस. दुखणं केव्हाचं आत शिरलेलं, आणि रोज माणसं मोजणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. लाज वाटली मला. शर्ट उसवायला ठेवून घेतला. तो न्यायला ते आले नाहीत.

अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर लेक आली, वडिलांचा शर्ट मागायला. गप्प बसलो असतो तर अण्णांचं नाव राहिलं असतं. पण ही पोर परत तिथेच जाणार होती. मी सगळं सांगितलं.

"बाबा असं करणार नाहीत, काका. त्या वाकणाचा आकडा चांगला आहे. मी स्वतः पाहिलाय."

"पाहिलास. मोजलास का?"

मी वही तिच्यापुढे सरकवली. क्रमांकावर बोट ठेवून तिने तो दोनदा वाचला. मग पानाचा फोटो काढून निघून गेली. शर्ट तसाच राहिला.

परवा तिचा फोन आला. "काका, आधी कुणी ऐकेना. नोंद चांगली आहे म्हणायचे. मग मी रजिस्टरात बाबांच्या सहीखाली लिहिलं, हे मोजलेलं नाही. खाली माझी सही केली. आता केंद्र देखभालीसाठी बंद झालं की पहिल्यांदा तेच मोजणार आहेत."

तोवर घोर आहेच. शर्ट माझ्या दुकानात टांगलेला आहे, डाव्या खिशावर पट्टी आहे, आणि वहीतलं चाळीस मी खोडलंय. छत्तीस, अण्णा. मोजून लिहिलंय.