ऐकणाऱ्याची खुर्ची

"बसवा त्याला हितं, मग बोला."

सरांचं हे वाक्य ठरलेलं. तासगावात एसटी स्टँडच्या मागे माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या दोनच. एकीवर सर बसायचे आणि दुसरी ओढून समोर मोकळी ठेवायचे. लग्नसराईत पत्रिकावाले दारात ताटकळत उभे, आणि आत एक खुर्ची हवा खात बसलेली! माझं डोकं फिरायचं.

"सर, कुणी यायचंय का?"

"आवं ताई, कोण येतंय? पण आपण ज्याच्याबद्दल बोलतोय, त्याला बसायला जागा नको व्हय?"

बोलण्यात गैरहजर माणसाचं नाव निघालं की सरांचा हात खुर्चीकडे जायचा. एकदा एक बेदाण्याचे व्यापारी आपल्या व्याह्यांची उणीदुणी काढत बसले होते. सरांनी त्यांच्याच फोनवरून व्याह्यांना बोलावून घेतलं. ते कोपऱ्यावरच होते, लगेच आले. मग दोघांची अशी जुंपली की झेरॉक्सला आलेली पोरं काम विसरून बघत राहिली. सर आपले निवांत चहा पीत होते.

"आत्ता झाली चर्चा," ते म्हणाले. "मगाशी नुसती चुगली हुती."

व्यापारी पुन्हा माझ्या दुकानात फिरकले नाहीत. सरांना त्याचं काय! गिऱ्हाईक माझं गेलं.

तुमच्याही ओळखीत अशी विक्षिप्त माणसं असतील. पण ही खुर्ची सरांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा माणूस शिकत शिकत आफ्रिकेतल्या एका विद्यापीठात पोचला आणि तिथल्या धर्म-अभ्यास विभागात त्यानं निम्मं आयुष्य शिकवण्यात घालवलं. त्या गावाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. निवृत्त झाल्यावर ते तासगावात, बायकोच्या म्हणजे आमच्या काकूंच्या माहेरी येऊन राहिले. इंग्रजी फाडफाड, पण मराठी बोलायला लागले की आटपाडीच्या बाजारातून उठून आल्यासारखे.

विभाग मुळात पाद्री घडवण्यासाठी निघाला होता. देश स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे सगळेच धर्म शिकवायचे ठरलं. पहिले प्रमुख एक गोरे पाद्री. पुढची गोष्ट सरांच्याच तोंडची, मी शंभरदा ऐकलेली:

"पाद्रीसायेब पाऊस मागणाऱ्या एका घराण्याबद्दल शिकवत हुतं. एक पोरगी उठली. म्हणाली, ते घराणं माझंच हाय, आजी बाजारात बसलीय, आणू का? दुसऱ्या दिवशी आजी वर्गात खुर्चीवर. नात तिच्या भाषेत कानात सांगतीय, म्हातारी ऐकतीय. सायबाला घाम फुटला. शेवटाला म्हातारी म्हणाली, सांगतोय बरोबर, पण आमी मेल्यासारखं का सांगतोय ह्यो?"

तेव्हापासून विभागात रिवाज पडला. ज्यांच्या देवाधर्माबद्दल शिकवायचं, त्यांच्यातलं कुणीतरी समोर बसून ऐकेल. कुणी मिळालंच नाही तर खुर्ची मोकळी राहील, पण ठेवायची. तिला सगळे 'ऐकणाऱ्याची खुर्ची' म्हणत.

दोनेक वर्षांपूर्वी सरांना तिथून मेल आली. विभागप्रमुख आता त्यांचीच एक विद्यार्थिनी. तिनं लिहिलं होतं की हा विभाग दुसऱ्यात विलीन करायचा घाट घातला आहे. बैठक आहे, तिच्यापुढे विभागाचा इतिहास ठेवला तर कदाचित वाचेल. जुन्यांपैकी तुम्हीच उरलात, लवकर लिहून पाठवा.

मेल वाचून सरांनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, "विभाग गेला की खुर्ची बी गेली, ताई."

ते लिहून आणायचे, मी टाइप करायची. काम झपाट्यानं झालं असतं. पण सरांचा नियम आडवा आला. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते फोनवर वाचून दाखवायचं. माणूस हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना. स्पीकर चालू, माझ्या दुकानात बाहेर एसटीचे भोंगे, आणि तिकडून कुणा मौलवींचा मुलगा खदाखदा हसतोय. झेरॉक्सला आलेल्या बायका माना वळवून बघायच्या.

सगळे झाले, पाद्रीसाहेब राहिले. त्यांच्याबद्दल सरांनी कडक लिहिलं होतं. नवी इमारत झाली तेव्हा त्यांनी ती खुर्ची अडगळीत टाकायला लावली होती. सरांनी भांडून परत आणली. त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. आता पाद्रीसाहेब नव्हते. मुलगी दूरदेशी, फोन उचलत नव्हती. बैठकीचा दिवस उजाडला.

"पाठवून द्या सर. कुणाला कळतंय?"

"ह्याला कळतंय न्हवं," ते खुर्चीकडे बघून म्हणाले.

"मग तेवढं गाळा."

"गाळलं तर खोटं हुतंय."

मी भडकले. "तुमच्या असल्या हट्टापायी अख्खा विभाग बुडेल!"

"व्हय. बुडंल," सर म्हणाले, आणि पुन्हा नंबर लावायला लागले. दुकान बंद करेपर्यंत ते लावत होते. मला त्यांचा राग येत होता, तरी चहा मीच सांगितला.

मुलीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. सरांनी सगळं वाचलं, एक शब्द मऊ न करता. मग ती म्हणाली, "बाबा शेवटी शेवटी त्या खुर्चीबद्दलच बोलायचे. आपलं चुकलं म्हणायचे. तेही घाला." सरांनी चष्मा काढला आणि चक्क रडले. ते वाक्य घालून मी मेल पाठवली, पण बैठक आदल्या दिवशीच झाली होती. विभाग विलीन झाला, नाव पुसलं गेलं.

वेळेत गेलं असतं तर वाचला असता का, देव जाणे. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "वाचला बी असता."

काही दिवसांनी प्रमुखबाईंनी एक फोटो पाठवला. नव्या विभागाचा वर्ग, आणि पुढे कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची, तिचा एक हात सुतळीनं बांधलेला. सरांनी माझ्याकडून त्याची रंगीत प्रिंट काढून घेतली. "नाव जाऊ दे गड्या," ते स्वतःशीच म्हणाले, "बूड टेकायला जागा ऱ्हायली." आणि असे हसले की मलाही हसू आलं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी काकूंकडे गेले. नियम म्हणजे नियम. काकू मेथी निवडत होत्या. एक खुर्ची मी समोर ओढून ठेवली आणि पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या पानावर सांगलीचं हॉस्पिटल होतं, ॲम्ब्युलन्स होती, दारातली गर्दी होती. काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"समदं बरुबर हाय गं. पण ह्यास्नी मेल्यासारखं का लिवलंस?"

तो शेवटचा भाग मी तिथेच फाडून टाकला. म्हणून तो इथे नाही.

दुसरी खुर्ची दुकानात समोरच असते. लग्नसराईत कुणी ओढायला लागलं की मी ओरडते, "ती सोडा हो, सर यायचेत."