घोटभर पाणी

पंचगंगेच्या घाटावर होडी चालवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी कधी नाव विचारलं नाही. तोही मला इतक्या वर्षांनीही ‘पावणं’च म्हणतो. होडी सोडण्याआधी तो घोटभर पाणी तोंडात घोळवायचा, ते कुठल्या उपनदीचं ते चवीवरून ओळखायचा आणि ओरडायचा, “कुंभीचं पाणी हाय! गगनबावड्याला पाऊस पडलाय!” संध्याकाळपर्यंत नदी खरंच चढायची.

एकदा मी त्याला मोबाईलवर पॅसिफिकमधल्या बेटांवरची माणसं दाखवली. होकायंत्राशिवाय, नुसते तारे आणि लाटा बघत ती होडीतून महासागर ओलांडतात. त्यानं तो व्हिडिओ तीनदा बघितला.

“ही बी पाणी चाखत असतील की,” तो म्हणाला. “आपली नदी तितवर जाती व्हय?”

“कृष्णेतून समुद्रात जाते. पुढं समुद्र सगळे एकच.”

केवढा खूश झाला होता!

परवा घाटावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. पाण्याला साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. त्यानं सवयीनं ओंजळ भरली, तोंडापाशी नेली आणि तशीच सोडून दिली. मग बराच वेळ हात धोतराला पुसत राहिला.

“पावणं, त्या बेटावरच्यास्नी कळवा की,” तो हळू म्हणाला. “म्हणावं, आमच्याकडचं पाणी यायलंय. चाखू नगा.”