पांडू तांडेलाचा बोंबल्या

पेणला माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. मिक्सर येतो, पंखा येतो, दुरुस्त होऊन जातो. त्यात किस्सा काय घडणार, कप्पाळ! पण नव्वदच्या दशकात एका केशरी डब्यानं मला इतके किस्से दिले, की सांगता सांगता चहा गार होतो.

डबा म्हणजे बोटीवरचं मदत मागायचं यंत्र. बोट बुडाली की पाणी लागून आपोआप चालू होतं आणि उपग्रहामार्फत कंट्रोल रूमला कळवतं. वडखळजवळच्या खाडीतला पांडू तांडेल सहा खलाशी घेऊन खोल समुद्रात जायचा. त्यानं बघताक्षणी नाव ठेवलं, बोंबल्या!

*

खरेदीला पांडू आणि त्याची बायको जनाबाय, दोघं आली.

"स्वस्तातला नुसती बोंब मारतो. महागातला कोणाची बोट तेही सांगतो," मी म्हणालो.

"स्वस्तातला आणा. बुडतोय एवढं कळलं की बास!"

जनाबाय उसळलीच. "आन कोण बुडला ते? अख्ख्या खाडीच्या बायकांनी रडत बसायचं व्हय?"

महागातला मागवला! फॉर्मवर फोन नंबर हवा होता. त्यांच्याकडे फोन नाही, म्हणून माझ्या दुकानाचा दिला. झालं! बोट समुद्रात असली आणि फोन वाजला, की मी हातातलं काम टाकून धावायचो. सात जणांचा जीव होता हो!

*

महिन्यानं बोटीवर गेलो, तर बोंबल्या जागेवर नाही. पांडूनं लोखंडी पेटीत घालून वर कुलूप ठोकलेलं!

"अरे दादा, बोट बुडाल्यावर तो सुटून तरंगायला नको? पाण्याखाली कुलूप कोण उघडणार?"

"घाबरता काय मिस्त्री! चावी माझ्या करगोट्याला हाय!"

मी स्वतः स्क्रू पिळून तो केबिनच्या टपावर बसवला.

*

मग बोट रंगवायला काढली. रंगारी जोहे गावचा, गणपती रंगवणारा. त्यानं बोंबल्यालाही सोडलं नाही. वरचा लुकलुकता दिवा रंगानं बुजवला आणि खाली दोन टपोरे डोळे काढले!

"बाबा, दिवा झाकलास की रे!"

"दिवा कशाला? आता त्याला दिसतंय की!"

दिव्यावरचा रंग मी खरवडून काढला. डोळ्यांना जनाबायनं हात लावू दिला नाही.

*

नारळी पौर्णिमेला फोन खणखणला. कंट्रोल रूम! "तुमची बोट संकटात आहे!"

स्कूटर हाणत खाडीवर पोचलो. बघतो तर बोट काठाला, नारळ फुटलेला, आणि बोंबल्या ताम्हणात! वरून पाण्याची धार! मी ओरडलो, तर पांडू म्हणतो कसा, "म्हंजे चालतोय! आता एकदम भरवसा बसला!"

*

आणि दिवाळीनंतर पुन्हा फोन.

"अहो, पूजा चालली असेल," मी म्हणालो.

"पूजा समुद्रात, किनाऱ्यापासून एवढ्या लांब?"

तशीच स्कूटर काढली. जनाबायला सांगितलं, तर ती चुलीपुढं जाऊन बसली. संध्याकाळी निरोप आला, बोट गेली, पण सातही माणसं सापडली! मी दुकानात एकटाच नाचलो हो, लाज कसली!

सकाळी परत कंट्रोल रूम. साहेब चक्रावलेला. "माणसं काल अलिबागला उतरवली. पण सिग्नल अजून चालू आहे, आणि आता तो जमिनीवरून चाललाय!"

जनाबायला स्कूटरवर घेतलं आणि वडखळ नाका गाठला. अलिबागहून एसटी आली. पांडू उतरला, अंगावर कोणीतरी दिलेली चादर आणि चादरीत लुकलुकणारा बोंबल्या!

"अरे बंद कर तो! वाचलास ना?"

पांडूनं माझ्याकडे बघितलंच नाही. डबा छातीशी धरून तसाच उभा. 

जनाबाय पुढं झाली. डबा काढून घेतला, बटण दाबलं आणि म्हणाली, "गप आता. आले मी."