दुधीचे ठोके

"म्हणजे मी मेलो तरी चालेल तुला," हिंदुराव म्हणाले आणि स्वतःच्या मनगटावर अंगठा दाबून घड्याळाकडे बघू लागले.

त्यांच्या बायकोने, अंजनीने, दुधी विळीशेजारी ठेवला. मोजणी चालू असताना कोणी बोलायचं नाही, असा मांजर्लीच्या त्या घरात दंडक होता. वादात बाजू लंगडी पडली की हिंदुरावांचे ठोके हटकून वाढत. सून तेजल नोकरीला लागली तेव्हा वाढले होते, टीव्हीची जागा बदलली तेव्हाही. आता कॅम्प पाचच्या बाजारातल्या लाजवंतीबाईंनी अंजनीला आपल्या ड्रेसच्या दुकानात बोलावलं होतं. होकार आज संध्याकाळपर्यंत हवा होता, नाहीतर त्या दुसरी बाई ठेवणार होत्या.

"शहाण्णव," हिंदुरावांनी निकाल दिला.

अंगठ्यावर त्यांचा भारी भरवसा. अंबरनाथ एमआयडीसीत फिटर असताना चालत्या मोटारीवर अंगठा टेकवून ते बेअरिंगचा बिघाड सांगत. दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं होतं, नाडी दोन बोटांनी बघायची, अंगठ्याला स्वतःचेच ठोके असतात. पण तेव्हा हिंदुराव तिला बेअरिंग समजावत होते. ऐकलं फक्त अंजनीने.

"तुझा हात आण इकडे."

तिने दिला. बराच वेळ ओठ हलवून झाल्यावर ते म्हणाले, "शहाण्णव. बघ, तुझीही तब्येत उतरलीय. दुकानात दिवसभर उभं राहणं तुला झेपायचं नाही."

शेजारी बसलेल्या तेजलने निमूट आपला हात पुढे केला. तोही शहाण्णव निघाला. घरातल्या बायका स्वतःकडे लक्षच देत नाहीत, असं हिंदुराव बराच वेळ बोलत राहिले.

त्यांचं संपल्यावर अंजनीने दुधी त्यांच्या मांडीवर ठेवला. "याचंही बघा."

"वेडी झालीस का?"

"बघा तर."

रागारागाने त्यांनी दुधीवर अंगठा दाबला. मग चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि सवयीने ओठ हलू लागले. तेजल तोंडाला ओढणी लावून खिडकीकडे वळली.

"यालाही बीपी आहे वाटतं," अंजनी म्हणाली. "इतकी वर्षं माझा हात धरून स्वतःचंच मोजत आलात."

हिंदुरावांनी अंगठा काढला, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना.

"सोमवारपासून मी दुकानात जाणार," अंजनीने सांगितलं. "पोळ्या करून जाईन. भाजी तुम्ही चिरायची."