सुटलेले दोन विषय

थोरांची चरित्रे गायला थोर वाणीची माणसे आहेत. माझी वाणी एका चुकलेल्या माणसासाठी आहे. पहिले नमन त्याला, ज्याला स्वतःची चूक दिसली. दुसरे नमन त्याला, जो ती दिसल्यावर तोंड लपवून बसला नाही. ही दोन्ही नमने एकाच गृहस्थाच्या पायी जातात, आणि ते गृहस्थ आमच्याच घरात, पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या लोखंडी खाटेवर झोपत असत. ते आमचे धाकटे काका. आज ती खाट नाही, ते काकाही नाहीत. पण त्या खोलीत पाऊल टाकले की अजून आवाज आपोआप खाली येतो, काका वाचत बसले असतील म्हणून.

काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. दारातून आत शिरताच उजव्या हाताला जाळीची खिडकी, खिडकीवर पाटी ‘चौकशी’, आणि पाटीखाली काका. नळ का आटला, अर्ज कुठे द्यायचा, साहेब जेवायला गेले की घरीच गेले, या साऱ्याचे उत्तर त्या जाळीतून मिळे. वर्षानुवर्षे लोक विचारीत राहिले आणि काका सांगत राहिले. अशाने माणसाची एक सवय वाढते आणि एक मरते. सांगण्याची वाढते, विचारण्याची मरते. लोकांनी त्यांचे नाव चौकशीकाका ठेवले. पण ज्याच्या डोक्यावर चौकशी लिहिलेली होती, त्याने स्वतः मात्र जन्मात कुणाकडे चौकशी केली नव्हती. लग्नसुद्धा झाले नव्हते. “तेवढी एक चौकशी करायची राहून गेली भाऊजींची,” असे आई म्हणे, आणि काका चहाच्या कपात बघत हसत.

संध्याकाळी गल्लीतली मुले आमच्या पायरीवर जमत. कुणी कोणते महाविद्यालय घ्यावे, कुठे टक्के मिळतात, कुठे नुसते जोडे झिजतात, याचा निवाडा काका देत. फी एकच : मध्ये बोलायचे नाही.

आणि त्या मुलांत सर्वांत पुढे, गुडघ्यांना मिठी मारून बसलेली आमची ताई.

ताईला सैन्याचे विमान चालवायचे होते. आमचे बाबा बस चालवीत. सुट्टीच्या दिवशी ताई त्यांच्या पाठीमागच्या आसनावर बसून शहरभर फिरे आणि काचेतून रस्ता बघण्याऐवजी आभाळ बघे. लहान असताना तिने एकदा विचारले, “बाबा, आपली बस वर जाते?”

“जाते की. चढ आला की जाते.”

“चढावर नाही हो! वर!”

सगळी बस हसली. ती मात्र हसली नाही. जे आत रुजायचे ते रुजले होते. घरावरून विमान गेले की ती धुतलेले कपडे तसेच खांद्यावर घेऊन गच्चीत उभी राही, आणि आवाज पार विरेपर्यंत एकही कपडा दोरीवर चढत नसे. देवाचे वेड लागलेल्यांविषयी आपण आदराने बोलतो. ताईचे वेड वेगळ्या देवाचे होते, एवढेच.

शाळा संपली, गुण उत्तम पडले, आणि प्रश्न उभा राहिला : पुढे काय घ्यायचे? पुलापलीकडच्या महाविद्यालयात विज्ञान होते. तिथे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे गुण देताना हात आखडता घेत. चांगली चांगली मुले तिथे चाळीस टक्क्यांत घुटमळत. बाजारामागच्या महाविद्यालयात इतिहास, भूगोल, तर्कशास्त्र, भाषा. तिथे गुणांचा नुसता पाऊस.

काकांनी पायरीवर बैठक मारून निर्णय सांगितला. “बाजारामागचं घे. सैन्यात काय बघतात? टक्के! गुण बघतात पोरी, विषय कोण बघतो? विमान काय तुला भौतिकशास्त्र विचारणार आहे?”

आतून आई म्हणाली, “विमान नसेल विचारत, विमानवाले विचारतील की!”

“वहिनी, तुम्ही भाजीत लक्ष घाला. ही माझी खिडकी आहे.”

बाबा म्हणाले, “अरे, कुणाला तरी एकदा विचारून घे ना.”

“दादा, लोक मला विचारतात!”

ताईने बाजारामागचे महाविद्यालय घेतले. गणित सुटले, भौतिकशास्त्र सुटले.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते, कारण आपली भाषा मोठी खट्याळ आहे. संतसज्जन सांगून गेले की विषय सोडा. विषय सुटले की जीव मोकळा होतो, वर जातो. आमच्या ताईने दोन विषय सोडले आणि ती जमिनीला खिळली. आणि गुण म्हणजे तरी काय? अंगी असतो तोही गुण, कागदावर पडतो तोही गुण. कागदावरच्या गुणासाठी अंगच्या गुणाला उपाशी ठेवले, अशी ही कथा झाली. पण तेव्हा ते कुणाला कळणार? ताई वर्षामागून वर्ष पहिली येत होती आणि काका पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांनाही आधी पुतणीचे टक्के सांगत होते.

पदवी मिळाली. ताई आणि काका वायुदलाच्या भरती केंद्रात गेले. काकांनी ठेवणीतला कोट घातला होता. मेजामागे एक अधिकारी बाई होत्या, कोवळ्या वयाच्या पण नजरेने करड्या. त्यांनी गुणपत्रके चाळली.

“वा, छान आहेत गुण. उड्डाण शाखा हवीय तुम्हाला?”

“हो,” ताई म्हणाली. त्या एका ‘हो’मध्ये तिचे सगळे बालपण होते.

“बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र कुठे आहेत?”

ताई काकांकडे बघू लागली. काका म्हणाले, “अहो, पण टक्के बघा ना! विद्यापीठात वरून...”

“टक्के पाहिले, काका. पदवीला साठ लागतात, त्याहून पुष्कळ जास्त आहेत. पदवी कशातही चालते. पण त्याआधी हे दोन विषय उत्तीर्ण पाहिजेत. ते नसतील तर अर्जच घेता येत नाही. जमिनीवरच्या शाखा आहेत, तिथे तुमच्यासारखी मुलगी आनंदानं घेऊ.”

“ही असली अट कुणी सांगितली नाही आम्हाला!”

“विचारलं होतं कुणाला?” बाईंनी सरळपणे विचारले; टोमणा नव्हता. “कुणीही सांगितलं असतं.”

ज्या वाणीने सारे शहर तृप्त केले होते, त्या वाणीला त्या दिवशी शब्द सापडेना.

ताईनेच मग विचारले, “आता नाही का देता येणार हे दोन विषय?”

“बाहेरून परीक्षेला बसता येतं. तुमच्या वयाकडे बघता एकच संधी आहे. या परीक्षेत दोन्ही निघाले तर पुढच्या निवडीला या. नाही निघाले, तर वय उलटून जाईल. आणि निवडीत विमान हाताळण्याच्या कुवतीची एक चाचणी असते, ती जन्मात एकदाच देता येते. सगळं नीट समजून घ्या आणि मग ठरवा.”

येताना काका बसमध्ये उभेच राहिले. जागा रिकामी होती तरी बसले नाहीत. घरी येऊन त्यांनी कोट खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “पोरी, मी तुझे पंख कापले.”

“तुम्ही विचारलं नाहीत काका, मीही विचारलं नाही,” ताई म्हणाली. “आता रडू नका. मला रडू येतंय ते पुरे आहे.”

तेव्हा काका वळले आणि जे बोलले ते ऐकून बाबांच्या हातातला चमचा ताटात पडला.

“मीही परीक्षेला बसतो.”

“तू?” बाबा म्हणाले. “तुला सुटे पैसे मोजता येत नाहीत!”

“म्हणूनच. हिला सोळा-सतरा वर्षांच्या पोरांत एकटीला बसावं लागणार. पदवी घेतलेली मुलगी खालच्या वर्गात बसली म्हणून हसतील पोरं. मी शेजारी बसलो की मला हसतील. हिच्याकडे कोण बघतंय?”

अहो, प्रेम कशाला म्हणतात? हसू आपल्याकडे ओढून घेणे, यालाच प्रेम म्हणतात.

पुलाजवळ एक बाई शिकवणी घेत. तिथे शेवटच्या बाकावर ताई आणि काका बसू लागले. पहिल्याच दिवशी एका पोराने विचारले, “आजोबा, नातीला सोडायला आलात?” काका म्हणाले, “नाही रे बाळा, तुझं बघून लिहायला आलोय.” वर्गात हशा पिकला. त्यानंतर त्यांना सगळे आजोबाच म्हणू लागले, आणि ताईकडे खरेच कुणी बघितले नाही.

सुरुवातीला काका सवयीने बाईंना मध्येच अडवून स्वतःच उत्तर सांगत, आणि ते बहुधा चुकीचे असे. बाई म्हणत, “आजोबा, उत्तर नका सांगू, प्रश्न विचारा.” काकांना ते जमेना. प्रश्न विचारायचा म्हणजे आधी मला माहीत नाही असे म्हणावे लागते, आणि ते तीन शब्द त्यांच्या जिभेवर कधी आलेच नव्हते. मग एके दिवशी ते हळूच उभे राहिले. कपाळावर घाम होता. म्हणाले, “बाई, वेग आणि गती यांत फरक काय? मला माहीत नाही.” बाईंनी सांगितले. काका खाली बसले आणि ताईच्या कानात पुटपुटले, “काही झालं नाही गं! मेलो नाही मी!”

तेव्हापासून धरणच फुटले. काका दिसेल त्याला विचारू लागले. पुढची खोली म्हणजे प्रयोगशाळा झाली. आईची दोऱ्याची रिळे कप्प्या झाली, दार म्हणजे फळा झाला, पातेल्यांची झाकणे फिरू लागली. आई ओरडे, “भाऊजी, ते झाकण खाली ठेवा, दूध उतू गेलं!” काका म्हणत, “उतू का जातं वहिनी? विचारलंय कधी?” “गॅस बंद करत नाही कुणी म्हणून जातं!” आणि ताई, जी भरती केंद्रातून आल्यापासून हसली नव्हती, ती ओट्याला टेकून हसू लागली. त्या हसण्याचे सूर अजून माझ्या कानात आहेत. घरात काही नव्हते असे आज वाटते, आणि काही कमी नव्हते असेही वाटते.

परीक्षा झाली, निकाल लागला. ताई दोन्ही विषयांत उत्तीर्ण. गुण बेताचे, बाजारामागच्या महाविद्यालयात असे गुण तिने कधी बघितले नव्हते. काका गणितात काठावर तरले, भौतिकशास्त्रात बुडाले. कचेरीत जाऊन त्यांनी जाळीतून सर्वांना सांगितले, “मी नापास, पोरगी पास!” आणि एवढ्या अभिमानाने नापास झालेला माणूस त्या कचेरीने पहिल्यांदाच पाहिला.

मग निवडीची फेरी. मुले-मुली आत जाऊन राहत, चाचण्या होत, मुलाखती होत, आणि दररोज काही जण पिशव्या घेऊन परत निघत. शेवटच्या दिवशी काका फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. तिथे कितीतरी पालक होते. प्रत्येक जण काही ना काही सांगत होता. काका ऐकत होते.

दुपार कलली. फाटक उघडले. ताई बाहेर आली. चेहरा राखेसारखा, केस विस्कटलेले.

ती जवळ आली आणि म्हणाली, “काका, झालं.”

“झालं म्हणजे? संपलं?”

“झालं म्हणजे घेतलं! ती एकदाच देता येणारी चाचणीही निघाली. डॉक्टरांनीही हो म्हटलं.”

काका रस्त्याच्या कडेला मटकन बसले. तिथेच, धुळीत. ताईही बसली.

“मुलाखतीत काय विचारलं गं?”

“दोन्ही गुणपत्रकं समोर ठेवली. म्हणाले, हे डोळे दिपवणारे गुण कुणाचे आणि हे साधे गुण कुणाचे? दोन्ही तुमचेच?”

“मग?”

“मी म्हटलं, पहिले गुणांसाठी मिळवले, दुसरे विषयासाठी.”

काकांनी धुळीच्या हाताने डोळे पुसले.

घरी आम्ही वाट बघत होतो. दोघांची यायची वेळ टळली. मग दिवेलागण टळली. आई एकदा दारात, एकदा ओट्यापाशी. बाबा कामावरून आले, त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. “नाही झालं वाटतं,” ते म्हणाले. “झालं असतं तर धावत आले असते.” आईने दोघांची ताटे झाकून ठेवली. पोरीला आल्या आल्या काही विचारायचे नाही, असे आम्हा सर्वांना बजावले गेले.

अखेर गल्लीच्या टोकाला दोघे दिसली. ताई डोळे चोळत होती. आईने पुढे होऊन तिला नुसते जवळ घेतले. ताई म्हणाली, “आई, घेतलं मला!”

घर एकदम उजळले. हसणे, रडणे, एकाच वेळी चार जणांचे बोलणे. त्या गलक्यात बाबा एकदम काकांवर उखडले. “अरे गाढवा, मग इतका वेळ कुठं होतास? इथं जीव जायची वेळ आली होती आमची!”

काका उजवा खांदा चोळत उभे होते. “बसमध्ये बसल्या बसल्या झोपली रे ती, माझ्या खांद्यावर. आपला थांबा आला, निघून गेला. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथून त्याच बसनं परत निघालो, आणि पुन्हा आपला थांबा मागं पडला. मग तिला आपणहून जाग आली.”

“उठवायचं नाही का?”

काका ताईकडे बघत राहिले. ती आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडेच बघत होती.

“उठवणार होतो दादा,” ते म्हणाले. “पण आता जाणार ना ती. म्हटलं, आजचा दिवस झोपू दे.”