अक्कांची दुपारची दुर्बीण

भूपालने माझ्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवला. "अक्काचा रिपोर्ट नॉर्मल आला, मॅडम. काय सुदीक सापडलं न्हाय."

मी एका हाताने पेढा घेतला, दुसऱ्या हाताने रिपोर्ट उघडला आणि पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. आतड्याची सफाई अपुरी, दुर्बीण अर्ध्यापर्यंतही नेता आली नाही, तपासणी पुन्हा करावी, असं लिहिलं होतं. खाली शेरा: रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. काही सापडलं नव्हतं, कारण काही दिसलंच नव्हतं.

हातकणंगल्यात माझा दवाखाना आहे. सर्दी-तापापासून साखर-बीपीपर्यंत सगळं बघते. पन्नाशी ओलांडलेल्यांना मी वर्षातून एकदा एक छोटी बाटली देते. तीत शौचाचा नमुना आणायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते लॅब सांगते. रक्त आलं म्हणजे कॅन्सर असं नव्हे, पण मग कोलोनोस्कोपी करावी लागते. म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायचं. तिथला कॅन्सर बहुतेकदा पॉलिपमधून, एका साध्या कोंबातून सुरू होतो आणि त्याला बरीच वर्षं लागतात. त्या वर्षांत तो पकडायचा, एवढाच सगळा खेळ. भूपालच्या आईच्या, म्हणजे अक्कांच्या नमुन्यात रक्त आलं होतं. वय बासष्ट, त्रास काडीचा नाही, रोज शेतावर चालत जाणार.

"हे नॉर्मल नाही, भूपाल. परत करायला लागेल."

"परत कशाला मॅडम? तिला काय हुतंय?" भूपालचं शिरोली एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप आहे, सुट्टी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. "आनी अक्का म्हनती, मेले तरी तिथं जानार न्हाय."

त्याच दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. अक्का घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अक्का, पोट साफ करायचं औषध किती प्यालात?"

"अर्धा तांब्या."

"दोन लिटर होतं."

"बाकीचं मोरीत वतलं. निम्मं सांजंला सातला आनी निम्मं पहाटं पाचला, आसं हुतं तुमच्या कागदावर. दिवस मावळल्यावर मी पानी तरी पिते काय? सकाळी उजाडल्यावर अर्धा तांब्या झाला, तवर गाडी दारात."

अक्का जैन. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही.

"औषधाला चालतंय की," भूपाल म्हणाला.

"तुला चालत आसंल. मी म्हाराजांपुढं नेम घेतलाय. तुझं वडील दवाखान्यात हुते तवा बी मोडला न्हाय."

"मग मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुमी कागद दिला. विचारलं कुटं?"

मला राग आला. आधी अक्कांचा, मग माझा. वीस वर्षं मी या घरात येते. दिवेलागणीच्या आधी अक्कांचं खाणंपिणं आटोपतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी हॉस्पिटलचा छापील कागद उचलला आणि त्यांच्या हातात दिला. कागदात चूक काही नव्हती. तो फक्त रात्री पाणी पिणाऱ्या माणसांसाठी होता.

मी कोल्हापूरच्या स्पेशालिस्टना फोन लावला. "ही केस दुपारी घ्याल का?"

"सकाळी प्रोसीजर, दुपारी ओपीडी. आणि मॅडम, पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह आहे."

"पेशंट ठीक आहे. टायमिंग मी चुकवलं." मी सगळं सांगितलं. "उजाडल्यावर औषध सुरू करू, दहाच्या आत संपवू. दुपारच्या केसला असंच देतात ना?"

"देतात. पण मी दुपारची केस घेत नाही."

"एक घ्या. नमुन्यात रक्त आहे आणि निम्म्याहून जास्त आतडं अजून कुणी बघितलेलं नाही."

पलीकडून डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. "गुरुवारी अडीच. पण या वेळीही साफ नसेल तर मला परत सांगू नका."

नेम मोडणार नाही म्हटल्यावर अक्का तयार झाल्या. आता दुसरी अडचण. ते औषध पोटात घेऊन हातकणंगल्याहून कोल्हापूरपर्यंत गाडीत बसणं म्हणजे परीक्षाच. अक्कांची लेक कसबा बावड्यात राहते. तिथून हॉस्पिटल दहा मिनिटांवर, म्हणून अक्का आदल्या दिवशीच तिच्याकडे गेल्या. आदल्या दिवसाचं हलकं खाणं त्यांना जड गेलं नाही. उपासात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

गुरुवारी सकाळी सातला मी लेकीला फोन केला. "पेला भरून बसलीया मॅडम, दिवस कवा उगवतोय म्हनून." साडेनऊला दोन्ही लिटर संपले. अक्का अकरा वेळा जाऊन आल्या. लेकीने मोजलं होतं.

चारला स्पेशालिस्टचा फोन आला. सफाई उत्तम. दुर्बीण पार शेवटपर्यंत गेली आणि मागच्या वेळी जिथे पोचलीच नव्हती तिथे, उजव्या बाजूला, बोराएवढा पॉलिप होता. "काढलाय. पण दिसायला चांगला नव्हता."

बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मला वाईट गेले. पॉलिपच्या टोकाला कॅन्सर सुरू झाला होता. देठापर्यंत पोचला नव्हता. ऑपरेशन नको, केमो नको, फक्त ठरल्या वेळी पुन्हा दुर्बीण. मी हे सांगितलं तेव्हा भूपाल खुर्चीत बसून रडला. "मीच म्हनत हुतो की, परत कशाला," एवढंच दोनदा बोलला. मी त्याला रडू दिलं. मलाही बरं वाटत होतं.

महिन्याने अक्का आल्या, त्या धाकट्या जावेला घेऊन. "हिला बी बाटली द्या, मॅडम. आनी कागद द्यायच्या आदी विचारा हिला. ही सवताहून सांगायची न्हाय."

आता मी प्रत्येकाला विचारते: दिवसाचा पहिला घोट कधी घेता आणि शेवटचा कधी? एक मिनिट लागतं. तेवढं मिनिट वाचवायला गेले होते, आणि अक्का हातच्या जाणार होत्या.