थर्मासातलं इन्सुलिन

बायकोला रोज दोनदा इन्सुलिन लागायचं, सकाळी चोवीस युनिट आणि संध्याकाळी बारा. फ्रिज आमच्याकडे नव्हता. तिनेच सोय केली होती: ओल्या वाळूवर एक लहान मडकं, भोवती भिजवलेलं फडकं, आत बाटली. नागपूरच्या तीन उन्हाळ्यांत त्या मडक्यातलं औषध एकदाही बिघडलं नव्हतं.

सत्तर सालानंतरच्या एका मे महिन्यात तिच्या आईने अंथरूण धरल्याचं पत्र आलं. माहेर भंडाऱ्याच्याही बरंच पलीकडच्या खेड्यात; एसटीचे पाच तास आणि पुढे बैलगाडी. चार दिवस राहायचं ठरलं. चार दिवसांचे एकशे चव्वेचाळीस युनिट, बाटलीत चारशे. तरीही मी जास्तीची एक बाटली घेतली. काचेची सिरिंज, तीन सुया, स्पिरिटचा दिवा, लघवीतली साखर तपासायचं निळं द्रावण, परीक्षानळी. यादीवर खुणा केल्या.

"मडकंच नेऊ ना," ती म्हणाली. "मी धरीन मांडीवर."

"पाच तास? अन् फुटलं तर?"

लकडगंजकडच्या बर्फाच्या कारखान्यातून मी बर्फ आणला. रुंद तोंडाच्या थर्मासात भरला. आइसक्रीमचं भांडं फिरवताना बर्फ आणखी गार व्हावा म्हणून त्यात खडे मीठ घालतात, हे मला ठाऊक होतं. औषधाच्या दुकानदाराने थंड ठेवा सांगितलं होतं. जितकं थंड तितकं चांगलं, असं मी धरून चाललो. मीठ घातलं आणि दोन्ही बाटल्या आत खोचल्या.

"मायले भेटाले चाललो का कुल्फी विकाले?" ती हसली. आई भेटणार म्हणून आदल्या दिवसापासून ती खुशीत होती.

संध्याकाळी पोचून झाकण उघडलं तर दोन्ही बाटल्यांत औषध दगडासारखं गोठलेलं. विरघळेल, म्हणालो. विरघळलंही. खाली थोडा कण-कण दिसला, तो मी हलवून मोडला आणि बारा युनिट भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच सीसी द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून नळी तापवली. घरी रंग हिरव्यावर थांबायचा, इथे नारिंगी झाला, म्हणजे साखर वाढलेली. चोवीसऐवजी तीस युनिट दिले. संध्याकाळी विटेसारखा लाल. जास्तीची बाटली उघडली, पण तीही त्याच बर्फातली होती. त्या गावात तिसरी बाटली कुठून येणार? रंग आणि वेळ मी वहीत लिहीत गेलो. तोवर ती आईच्या पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती आणि तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरात चालला होता, त्याला पिकल्या फळासारखा वास. आम्ही तिला आईच्या पायथ्यापासून उचलून बैलगाडीत घातलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "चार दिवस म्हटली होती ना वं? काहून चालली?"

तिला उत्तर देण्याचं भान नव्हतं. मी गाडीवानाला बैल हाकायला सांगितलं.

संध्याकाळी नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या उजेडाला धरून बघितल्या. "गोठलं की संपलं. हे तुम्ही पाणीच टोचत होते म्हणा." पाचव्या दिवशी ती उठून बसली. मिठाचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मडकं फुटलं असतं तं निदान दिसलं असतं."

पावसाळ्यात तिच्या आईला भेटायला जाण्याचं मी दोनदा काढलं. दोन्ही वेळा तिने नाही म्हणून मान हलवली. "पुन्हा तिच्या डोळ्यांदेखत उचलून नेसान."

पोळ्याच्या आठवड्यात सासूबाई गेल्याची तार आली. मी मडक्याचं फडकं ओलं केलं, बाटली आत ठेवली, मडकं टोपलीत गवत घालून बसवलं. या वेळी सगळं बरोबर होतं. ती दारात उभी राहून बघत होती.

"आता कोनाले दाखवाले नेता मले?" ती म्हणाली. टोपलीतून मडकं काढून तिने परत वाळूवर ठेवलं आणि बाही वर केली. संध्याकाळच्या बारा युनिटची वेळ झाली होती.